नव्या हेडफोनची परीक्षा आवाज समान करून व्हावी

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

स. न. वि. वि.

महागड्या हेडफोनच्या खरेदीविषयीचा एक लेख आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नुकताच वाचला. लेख तळमळीने लिहिलेला होता आणि संगीत नीट ऐकायचे तर त्यासाठी चार पैसे खर्च करावेत, हे त्यातले म्हणणे मला मनापासून पटले. परंतु चांगला हेडफोन कानाला लावताक्षणी ओळखू येतो, त्याला वेगळ्या परीक्षेची गरज नसते, असे जे विधान त्यात ठामपणे केले होते, ते माझ्या अनुभवाशी मुळीच जुळत नाही. या एका विधानावर विसंबून एखाद्या वाचकाचे लाखभर रुपये भलत्याच कारणासाठी खर्च होऊ शकतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावीच लागली, तर माझ्या आवडीनिवडीचा भाग गाळावा, पण मोजमापाचा भाग तेवढा ठेवावा, ही विनंती.

माझ्याकडच्या एका जुन्या आणि एका नव्या हेडफोनची मी घरी तुलना केली. आधी या साधनांविषयी सांगतो. सेनहायझर या जर्मन कंपनीचा एचडी ६०० हा हेडफोन मी २००७ सालापासून वापरत आहे. हा हेडफोन १९९७ साली बाजारात आला आणि किरकोळ बदल सोडले तर आजही विकला जातो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या व्यवहारात एवढे आयुष्य फार थोड्यांना लाभते. माझ्याकडचा जुन्या घडणीचा, निळसर करड्या रंगाचा, घडीव दगडासारखी ठिपकेदार छटा असलेला आहे आणि तो आयर्लंडमध्ये बनल्याची नोंद त्याच्यावर आहे. इतक्या वर्षांत त्याचे मखमली इअरपॅड चार वेळा बदलले, केबल एकदा बदलली आणि हेडबँडखालचा फोम एकदा बदलला. यातले प्रत्येक काम मी घरी, जेवणाच्या टेबलावर, कोणतेही हत्यार हाती न घेता केले, कारण त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग नुसत्या बोटांनी सुटतो आणि सुटा विकत मिळतो. पॅडविषयी एक गोष्ट येथेच नोंदवतो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. पॅड वापराने दबत जातात, तसतसा आतला, आवाज काढणारा पडदा कानाच्या जवळ येतो आणि आवाजाचा तोल हळूहळू बदलतो. हा बदल इतका सावकाश होतो की तो लक्षातच येत नाही. मात्र ज्या दिवशी नवे पॅड बसवतो, त्या दिवशी अठरा वर्षांच्या ओळखीचा हाच हेडफोन मला परका वाटतो आणि दोन दिवसांनी पुन्हा आपला वाटू लागतो. म्हणजे ज्याची नस अन् नस मला ठाऊक आहे, त्याच्याही बाबतीत पहिल्या तासाभराचे मत टिकत नाही.

नवा हेडफोन फोकल या फ्रेंच कंपनीचा क्लिअर एमजी हा आहे. तो २०२१ साली बाजारात आला. त्यातला पडदा मॅग्नेशियमचा, चाळीस मिलिमीटर व्यासाचा, कडेने पाहिल्यास इंग्रजी एम अक्षरासारखा वळवलेला आहे, आणि नावातले एमजी हे मॅग्नेशियमचेच चिन्ह आहे. बाजारात आला तेव्हा अमेरिकेतील त्याची किंमत १,४९० डॉलर होती. माझ्यासारख्या निवृत्त माणसाने स्वतःहून ही खरेदी केली नसती. सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात बत्तीस वर्षे काम करून मी निवृत्त झालो, त्या निमित्ताने मुलाने तो भेट दिला. दोन्ही हेडफोन ओपन-बॅक, म्हणजे मागची बाजू जाळीची आणि उघडी असलेले आहेत. त्यामुळे आतला आवाज खोलीत ऐकू येतो आणि बाहेरची कुकरची शिटीही आत येते. बंद पाठीच्या हेडफोनशी या तुलनेचा संबंध नाही.

आता पहिल्या संध्याकाळविषयी. अ‍ॅम्प्लिफायर तोच, ध्वनिमुद्रण तेच, विलंबित एकतालातला एक ख्याल, जो मी जुन्या हेडफोनवर शेकडो वेळा ऐकला आहे. जुना काढला आणि नवा लावला. पहिल्याच समेला डग्ग्याचा घुमारा असा उमटला की मी दचकून व्हॉल्यूमच्या खुंटीकडे हात नेला. आवाज अतिशय मोठा होता. हे अपेक्षितच होते, कारण एचडी ६०० चा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ३०० ओहम आहे आणि क्लिअर एमजीचा ५५ ओहम. खुंटी एकाच जागी असताना अ‍ॅम्प्लिफायर दोघांना सारखाच व्होल्टेज देतो, पण ५५ ओहमचा हेडफोन त्यातून पाचपटीहून अधिक शक्ती ओढून घेतो. शिवाय तो एका मिलिवॅटवर १०४ डेसिबल एवढा आवाज देणारा, म्हणजे मुळातच संवेदनशील आहे. ज्यांनी ३०० ओहमचे हेडफोन मोबाइलच्या छोट्या अ‍ॅडॉप्टरला लावून पाहिले असतील, त्यांना त्यांचा दबका आवाज ठाऊक असेल. नव्याची ती अडचण नाही.

मी खुंटी खाली आणली. दोन्ही हेडफोन आलटून पालटून लावत, कानाला आवाज सारखा वाटेपर्यंत ती जुळवली आणि मग अडीच तास ऐकत बसलो. त्या रात्री मी वहीत लिहिले की नव्यात प्रत्येक गोष्ट अधिक आहे. बेस अधिक भरदार, तंबोरा अधिक स्पष्ट, गायकाचा श्वास अधिक जवळ, आणि ‘तिरकिट’ या बोलाची चारही अक्षरे सुटी. मुलाला फोन करून सांगितले, की अठरा वर्षे मी अर्धेच संगीत ऐकत होतो. आपल्या पुरवणीतल्या लेखाची भाषा आणि त्या रात्रीची माझी भाषा अगदी एक होती, आणि म्हणूनच त्या लेखकाबद्दल माझ्या मनात रोष नाही.

परंतु सवय जात नाही. आमच्या विभागात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जाई, की नग मोजण्याआधी गेज, म्हणजे मोजायचे साधन, तपासावे. माझे गेज माझे कान होते आणि ते मी तपासलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, रस्त्यावर वर्दळ सुरू होण्याआधी, पंखा बंद करून आणि खिडक्या लावून घेऊन मी मोजायला बसलो. जाड पुठ्ठ्याचा एक चौकोन कापला, त्याच्या मधोमध साउंड लेव्हल मीटरचा माइक घट्ट बसेल एवढे भोक पाडले आणि हेडफोनची एक बाजू त्या पुठ्ठ्यावर सपाट ठेवली. अ‍ॅम्प्लिफायरमधून पिंक नॉइज सोडला, म्हणजे धबधब्यासारखा एकसारखा खळखळाट, ज्यात खालपासून वरपर्यंतच्या सर्व सप्तकांना सारखा वाटा असतो. जुन्या हेडफोनवर आकडा ७२ डेसिबल आला. नवा हेडफोन, ज्या खुंटीच्या जागेला मी आदल्या रात्री ‘सारखा आवाज’ म्हटले होते त्याच जागी, ७५ आणि ७६ च्या मध्ये आला. पुठ्ठा काढून, पुन्हा ठेवून, तीन-तीनदा मोजले. अर्ध्या डेसिबलच्या पलीकडे फरक पडला नाही.

म्हणजे ज्या कानांवर विश्वासून मी निकाल दिला, त्या कानांनी साडेतीन डेसिबलचे माप नव्याच्या पारड्यात आधीच टाकले होते, आणि तेही मला न कळू देता. साडेतीन डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण तीन डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती. शिवाय एवढी वाढ कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ती ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवते, आणि खरी मेख तेथेच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मांडून ठेवले आहे, की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जाचे आणि अगदी तीव्र स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की खर्ज भराभर वर येतो. त्यामुळे आवाज थोडा जरी वाढला, तरी डग्गा भरदार होतो, तंबोऱ्याचा झंकार उजळतो, श्वास ऐकू येऊ लागतो. माझ्या वहीतल्या चारपैकी तीन नोंदी मुख्यतः नव्या हेडफोनच्या नव्हत्या, त्या साडेतीन डेसिबलच्या होत्या. जुन्याचा आवाज तेवढाच वाढवून ऐकला, तेव्हा त्यातही तोच भरदारपणा आणि तोच श्वास हजर होता.

ही पद्धत प्रयोगशाळेची नाही, हे मान्य आहे. पुठ्ठा म्हणजे माणसाचा कान नव्हे, आणि दोन हेडफोनचा स्वरांचा तोल वेगळा असल्यामुळे एका खळखळाटावर आवाज जुळवला तरी प्रत्येक स्वरावर तो जुळत नाही. पण न मोजण्यापेक्षा ती कितीतरी बरी आहे, आणि दीड-दोन हजार रुपयांच्या मीटरमध्ये होते. खुंटीच्या कडेला मी चिकटपट्टीच्या दोन बारीक कापट्या लावल्या, लाल जुन्यासाठी आणि हिरवी नव्यासाठी. त्यानंतरचे सोळा दिवसांचे ऐकणे या खुणांवर झाले आहे आणि यापुढचे जे सांगतो, ते त्याच आधारावर.

चौथी नोंद मात्र टिकली. ‘तिरकिट’ खरोखरच नव्यात अधिक सुटा ऐकू येतो. तबल्यावर बोट पडते त्या क्षणाची धार, तिच्या मागोमाग तळहाताचा दबका स्पर्श आणि त्यानंतर उरलेल्या नादाचे विरत जाणे, या तिन्ही गोष्टी नव्यात एकमेकींवर सांडत नाहीत. द्रुत लयीत बोलांची गर्दी झाली की जुन्यात तबला आणि डग्गा यांचा मिळून एक प्रवाह होतो. तो गोड असतो, पण त्यातला एखादा बोल अंदाजाने ओळखावा लागतो. नव्यात तो ओळखावा लागत नाही. संतूरच्या कलमांचा आघात आणि हार्मोनियमची पट्टी सुटल्याचा तो बारीकसा ‘टक’ यांच्याबाबतही तेच. एका जुन्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात पेटीवाल्याने भाता दाबताना होणारा लाकडाचा कुरकुर असा आवाज मी प्रथमच स्पष्ट ऐकला. जुन्या हेडफोनवर परत जाऊन शोधला, तेव्हा तेथेही तो सापडला, पण शोधावा लागला. नव्याने दाखवलेला खरा फरक मला येथे दिसतो. जुन्यात जे शोधावे लागते, ते नव्यात समोर येते. आदल्या रात्री म्हटले तसे अर्धे संगीत काही लपून राहिलेले नव्हते.

डग्ग्याचा खालचा घुमारा, विशेषतः मनगट घासून काढलेली मींड, नव्यात अधिक खोल जाते. जुन्याचा अगदी खालचा भाग पहिल्यापासून थोडा उताराचा आहे, हे ज्यांनी तो वापरला आहे ते सर्व मान्य करतील. शास्त्रीय संगीतात तो उणेपणा क्वचितच जाणवतो, पण पखवाज ऐकताना जाणवतो.

तंबोऱ्याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण माझ्या दृष्टीने हेडफोनची सगळ्यात कठीण परीक्षा तंबोराच घेतो. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. तारेखाली, घोडीवर, सुताचा एक धागा सरकवून जवारी अशी लावलेली असते, की तार छेडल्यावर मूळ स्वर मागे राहतो आणि त्याच्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. चार तारांचे हे उमलणे एकमेकांत मिसळते आणि कोणी गात नसतानाही गंधार ऐकू येतो. नव्या हेडफोनवर प्रत्येक तारेचे उमलणे वेगळे मोजता येते. पंचम अजून विरतो आहे तोवर जोडीची पहिली तार सुरू झाली, तिच्या पाठोपाठ दुसरी, आणि दोघींमध्ये केसभर अंतर राहिले आहे, इतके. जुन्यावर या चार तारा मिळून एक सलग पडदा होतो आणि गायक त्याच्या पुढे बसलेला असतो.

दोन्हींतले बरोबर कोणते, याचा विचार मी बरेच दिवस केला. लहान बैठकीत, माइक नसताना, चार-पाच हातांवर बसून मी गाणे ऐकलेले आहे. तेथे तंबोरे गायकाच्या मागे असतात आणि श्रोत्याच्या कानांपर्यंत त्यांचा पडदाच पोहोचतो, तारा नव्हेत. पण एकदा तंबोऱ्यावर साथीला बसण्याची वेळ आली, तेव्हा भोपळ्याशी कान नेल्यावर मला तारा वेगळ्या ऐकू आल्या होत्या. म्हणजे नवा हेडफोन मला तंबोरा धरणाऱ्याच्या जागी बसवतो आणि जुना श्रोत्याच्या जागी. ध्वनिमुद्रणात माइक तंबोऱ्याजवळ ठेवलेला असेल, तर नवा जे सांगतो ते त्या माइकच्या दृष्टीने खरेच आहे. तरीही रोज रात्री तासभर ऐकायचे, तर मला श्रोत्याची जागा हवी असते.

मानवी कंठाच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. तेथे जुना सरस आहे. हे मी गायक पं. दत्तात्रेय विष्णू पलुस्करांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर सोळा दिवस पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले. पलुस्करांचा जन्म १९२१ साली आपल्या नाशिकचा. त्यांचे वडील पं. विष्णू दिगंबर यांनी येथेच रामनाम आधाराश्रम स्थापला होता. त्यामुळे हा गळा नाशिककरांना घरचा वाटतो, आणि वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली, तो शांत झाल्यामुळे जे थोडे ध्वनिमुद्रित झाले तेवढेच आपल्या हाती आहे. यांतली पुष्कळशी मुद्रणे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची आहेत. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटे, एकाच माइकसमोर, आणि एकच आवाज दोन्ही कानांना, म्हणजे मोनो. वरच्या टोकाचे स्वर या तबकड्यांवर मुळात फारसे नाहीतच. तेथे जी काय सळसळ असते, ती सुईच्या घर्षणाची.

नवा हेडफोन ही सळसळ आणि गळा या दोहोंना सारख्याच इमानदारीने पुढे आणतो. अगदी बारकाईने ऐकले तर तबकडीचा ओरखडा प्रत्येक फेऱ्याला परत येतो, तेही मोजता येते. जुन्यात सळसळ मागे राहते आणि गळा पुढे येतो, आणि तो गळा भरीव असतो. ‘आ’काराची ती तलम, जराही न कापणारी रेघ, तानेच्या शेवटी षड्जावर येऊन टेकतानाचा तो अलगद थांबा, भजनातल्या शब्दाचे स्वच्छ उच्चारण, हे सारे जुन्यात एका माणसाच्या छातीतून आल्यासारखे वाटते. नव्यात तेच स्वर तितकेच अचूक असतात, पण त्यांच्या कडा किंचित अधिक उजळ आणि गाभा किंचित हलका, अशी माझी नोंद आहे. मी पत्नीला, कोणता कोणता ते न सांगता, दोन्ही ऐकवले. आवाज खुणेनुसार जुळवलेला होता. डोळे मिटून तिने तीन वेळा जुन्यालाच ‘हा माणूस जवळ बसलाय’ असे म्हटले. वजनावरून हेडफोन ओळखू येतो, त्यामुळे ही परीक्षा पूर्ण निर्दोष नव्हती, हेही सांगायला हवे.

वजनाचा विषय निघालाच आहे. जुना २६० ग्रॅम, नवा ४५० ग्रॅम. नव्याचे वजन डोक्यावर उत्तम विभागलेले आहे, पॅड मऊ आहेत आणि घडण पाहून तपासणी विभागातला माणूस खूश व्हावा अशी आहे. सांध्यांत कोठे फट नाही, जाळी एकसारखी बसलेली आहे. पण तासाभरानंतर मानेला फरक कळतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद करून ऐकणाऱ्याला तो अधिकच कळेल.

लेखात महागड्या हेडफोनच्या वारंवारितेच्या मर्यादेचे, म्हणजे तो किती खालचे आणि किती वरचे स्वर देऊ शकतो याचे, बरेच कौतुक होते, म्हणून त्याविषयी थोडे. क्लिअर एमजीच्या कागदावर ५ हर्ट्झ ते २८ किलोहर्ट्झ असा आकडा आहे. जुन्या, कितीतरी स्वस्त एचडी ६०० च्या कागदावर वरची मर्यादा ४० किलोहर्ट्झच्या आसपास दिलेली आहे. या आकड्यांवरून निवड करायची तर जुनाच घ्यावा लागेल. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ मानली जाते आणि ती वयाबरोबर खाली येते. माझी गेल्या वर्षी तपासली, तेव्हा ११ किलोहर्ट्झच्या पुढचे मला ऐकू येत नव्हते. चौसष्टाव्या वर्षी हे स्वाभाविक आहे. संगीताचा बहुतेक सारा मजकूर त्याच्या खालीच असतो, म्हणून माझी तुलना बाद होत नाही. पण पंचवीस वर्षांच्या वाचकाला नव्याची वरची पट्टी माझ्याहून वेगळी भासेल, एवढे त्याने गृहीत धरावे.

आणखी एक अनुभव तुलना करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. सलग चार दिवस फक्त नवा वापरून पाचव्या दिवशी मी जुना लावला, तेव्हा तो गोधडीआडून बोलल्यासारखा वाटला. मी तो काढला नाही, ऐकत राहिलो. वीस मिनिटांत गोधडी गेली. उलट दिशेने केले, तेव्हा नवा सुरुवातीला टोचरा वाटला आणि तेवढ्याच वेळात स्थिरावला. पुष्कळ जण याला हेडफोन ‘मोकळा होणे’ म्हणतात आणि शंभर-शंभर तास तो चालवून ठेवण्याचा सल्ला देतात. पॅड दबतात हे खरे, पण वीस मिनिटांत मॅग्नेशियम बदलत नाही. बदलतो तो ऐकणाऱ्याचा कान. दर पाच मिनिटांनी हेडफोन बदलून केलेल्या तुलनेत हा कान सदैव मधल्याच अवस्थेत लटकलेला असतो.

कानाची अवस्था रोजही बदलते. मिरवणुकीत नाशिक ढोलच्या पथकाशेजारून पंधरा मिनिटे चालत आलो, तरी त्या रात्री मला तंबोऱ्याची जवारी ओळखू येत नाही. कानाला तात्पुरती बधिरता आलेली असते. त्या रात्री मी काहीच ऐकत नाही. कारखान्यातील कर्णबधिरतेची प्रकरणे मी पाहिली आहेत, म्हणून आवाजाच्या मर्यादेचाही उल्लेख करतो. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्यासाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. संवेदनशील हेडफोन कमी शक्तीत मोठा होतो आणि मोठा म्हणजे चांगला असा भास निर्माण करतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या, की तरुण मुले खुंटी कोठवर नेतील याची मला खरोखर काळजी वाटते.

आता आपल्याला विनंती. नाशिकमध्ये अशा किमतीचा हेडफोन खोक्याबाहेर काढून, शांत जागी, आपल्या आवडीचे गाणे लावून ऐकू देणारे दुकान मला सापडलेले नाही. बहुतेकांना मुंबई-पुण्याला जावे लागते, किंवा कोणीतरी लिहिलेले वाचून पैसे भरावे लागतात. म्हणूनच आपल्या पुरवणीतील शब्दाला येथे वजन आहे. यापुढे असे परीक्षण छापताना आवाज कोणत्या रीतीने जुळवला, हे परीक्षकाने पहिल्याच परिच्छेदात सांगावे. जुळवला नसेल, तर तसेही सांगावे. किती दिवस ऐकले ते लिहावे. परदेशी परीक्षणांतली तीच तीच पाश्चात्त्य मुद्रणे न वापरता ख्याल, नाट्यसंगीत, लावणीची ढोलकी, शाहिराचा डफ आणि अभंगातला टाळ यांवर हेडफोन घासून पाहावा, कारण मराठी वाचक तेच ऐकणार आहे. टाळाचा कंप नीट विरला, की तो मध्येच तुटला, यावरून वरच्या स्वरांचा जो अंदाज येतो, तो किलोहर्ट्झच्या कोणत्याही आकड्यावरून येत नाही. वजन छापावे. पॅड आणि केबल सुटे मिळतात की नाही, आणि मिळत असल्यास केवढ्याला, हेही छापावे. अठरा वर्षांच्या वापरात मला सर्वांत मोलाची ठरलेली माहिती तीच होती आणि ती एकाही परीक्षणात मला वाचायला मिळाली नव्हती.

शक्य असल्यास तुलनेसाठी परीक्षकाने स्वतःचा जुना, सवयीचा हेडफोन घ्यावा आणि त्याचे नाव जाहीर करावे. नव्याचे वर्णन नुसते ‘खुले’, ‘उबदार’, ‘भरदार’ अशा शब्दांत केले, तर ते कशाच्या मानाने खुले आणि कशाच्या मानाने उबदार, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो.

सध्या दोन्ही हेडफोन माझ्या टेबलावर, लाल आणि हिरव्या खुणांच्या अ‍ॅम्प्लिफायरजवळ आहेत. तबला, संतूर आणि वाद्यसंगीत मी नव्यावर ऐकतो. गाणे अजून जुन्यावरच आहे. नव्याचे पॅड अद्याप दबलेले नाहीत, आणि ते दबल्यावर तोल कोणत्या बाजूला झुकेल, हे मला आज सांगता येणार नाही. सहा महिन्यांनी याच पुठ्ठ्यावर, याच मीटरने पुन्हा मोजून, पलुस्करांचीच मुद्रणे पुन्हा ऐकून, मत बदलले असल्यास तसे आपल्याला कळवीन. आपल्या पुरवणीच्या लेखकांना हा पुठ्ठा आणि मीटर हवे असतील, तर ते मी आनंदाने आपल्या नाशिक कार्यालयात आणून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त तपासनीस,
पंचवटी, नाशिक